प्लिमथचं तिकीट काढताना: आधी गढी, मग सनद, खडक सगळ्यात शेवटी

प्लिमथला, म्हणजे १६२०मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये वसवलेल्या गावाला, जाणारे बहुतेक जण ‘ते इथेच उतरले’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खडकाकडे थेट जातात, कठड्यावरून वाकून बघतात, ‘एवढासाच?’ म्हणतात आणि उरलेला दिवस किनाऱ्यावरच्या दुकानांत घालवतात. हा क्रम उलटा करावा. अमेरिकेला ‘आपला कारभार आपण’ ही सवय कशी लागली हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर बॉस्टनपासून ४० मैलांवरचं हे गाव फार सोयीचं आहे. मात्र ती सवय इथे तीन ठिकाणी शोधावी लागते: प्लिमथ पटक्सेट संग्रहालयाच्या इंग्लिश गावातल्या गढीत, पिलग्रिम हॉल संग्रहालयातल्या एका कागदात आणि परतीच्या वाटेवर हिंगहॅमच्या लाकडी सभागृहात. तिन्ही मिळून एक पूर्ण दिवस लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर दीड दिवस धरा.

आधी इंग्लिश गाव. १६२०च्या दशकातल्या वस्तीची ही प्रतिकृती आहे, मूळ जागा नव्हे. मूळ वस्ती आजच्या लेडन स्ट्रीटवर होती आणि तिची गढी होती मागच्या टेकडीवर, जिथे आज बेरिअल हिल हे जुनं दफनस्थान आहे. संग्रहालय १९४७मध्ये सुरू झालं आणि गावाच्या मध्यापासून सुमारे तीन मैल दक्षिणेला आहे. लाकडी फळ्यांची आणि गवताने शाकारलेली घरं, उघडी चूल, भाजीचे वाफे, कोंबड्या, भोवती लाकडी कुंपण. घरांत वावरणारी माणसं त्या काळातल्या खऱ्या रहिवाशांच्या भूमिकेत असतात, तेव्हाच्या इंग्रजीत बोलतात आणि भूमिकेतून बाहेर येत नाहीत. दाखवण्याचं काम उत्तम आहे. चुलीवर काय शिजतंय, कपडे कसे शिवलेत, मका कसा कुटतात याची उत्तरं अचूक मिळतात. राज्यकारभाराबद्दल मात्र कोणी आपणहून बोलत नाही. ते विचारावं लागतं, आणि योग्य शब्दांत विचारावं लागतं.

म्हणून घरांत रमण्याआधी गढी गाठा. चौकोनी, जाड फळ्यांची, सपाट छपराची ही इमारत वस्तीच्या सगळ्यात उंच टोकाला आहे. छपरावर तोफा, खाली बाकं. १६२७मध्ये इसाक द रासिएर हा न्यू नेदरलँडचा डच अधिकारी प्लिमथला आला होता. त्यानं लिहून ठेवलेल्या वर्णनामुळे आपल्याला हे इतकं नेमकं माहीत आहे. वर सहा तोफा, चार-पाच पौंडी लोखंडी गोळे फेकणाऱ्या, आणि खालचा मजला रविवारी प्रार्थनेसाठी. ढोल वाजला की माणसं कप्तानाच्या दारासमोर जमत, प्रत्येकाकडे बंदूक. तिघातिघांच्या रांगा करून मुकाट वर चालत. मागे लांब झगा घातलेला गव्हर्नर, त्याच्या उजव्या हाताला उपदेशक, डाव्या हाताला कप्तान. आत गेल्यावर प्रत्येक जण आपलं हत्यार हाताशी ठेवून बसे.

बाकावर पाच मिनिटं बसा आणि वर बघा. तोफांचं ओझं पेलणाऱ्या तुळया डोक्यावर आहेत आणि समोर उपदेशकाची जागा. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. या लोकांच्या लेखी इमारत पवित्र नव्हतीच, पवित्र होती ती जमलेली माणसं. त्यामुळे त्याच छताखाली प्रार्थना होण्यात आणि गावाचे प्रश्न सुटण्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या या ईशान्य भागात) पुढे अशा इमारतीला चर्च म्हणतच नसत, ‘मीटिंग हाउस’ म्हणत. सभा भरते ती जागा.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या लोकसमुदायाला ‘मंडळी’ म्हणतात, धर्मगुरूला ‘पाळक’, आणि देव व माणसं यांच्यातल्या बंधनाला ‘करार’. जुना करार, नवा करार. प्लिमथच्या लोकांचं सगळं राजकारण या तीन शब्दांत बसतं. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटलेल्या, तिथल्या स्क्रूबी गावच्या या लोकांचं म्हणणं असं, की मंडळी राजाच्या हुकुमानं किंवा बिशपच्या नेमणुकीनं तयार होत नाही. श्रद्धावंत माणसं एकत्र येऊन देवाशी आणि एकमेकांशी करार करतात तेव्हा ती तयार होते. मग ती मंडळीच आपला पाळक निवडते, चुकला तर काढते आणि सभासद कोणाला करायचं तेही ठरवते. इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. म्हणून ते १६०८च्या सुमारास हॉलंडला गेले, लेडन शहरात दहा-अकरा वर्षं राहिले, आणि १६२०मध्ये त्यांतले काही मेफ्लॉवर जहाजावर चढले.

त्यांचा पाळक जॉन रॉबिन्सन लेडनमध्येच राहिला, पण निरोपाच्या पत्रात त्यानं बजावलं होतं, की आता तुम्ही एक राजकीय समाज होणार आहात, तुमच्यात जन्मानं मोठं कोणी नाही, तेव्हा कारभारी तुम्हीच निवडा आणि निवडल्यावर त्यांचा मान राखा. मंडळी चालवायची रीत गावाला लावायची, इतकी साधी ही गोष्ट आहे. मेफ्लॉवरचा करार त्यातूनच आला.

हा करार म्हणजे अमेरिकन लोकशाहीचा जाहीरनामा, असं पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. ते तसं नाही, आणि खरी हकिकत जास्त रंजक आहे. जहाजावर १०२ प्रवासी होते. बरेचसे लेडनच्या मंडळीचे नव्हतेच, लंडनच्या भांडवलदारांनी भरती केलेले होते. परवाना व्हर्जिनियाच्या उत्तर भागाचा, हडसन नदीच्या मुखाजवळचा. जहाज पोहोचलं केप कॉडला, म्हणजे परवान्याच्या हद्दीबाहेर. तेव्हा काही जण उघड बोलू लागले, की इथे आमच्यावर हुकूम चालवायचा अधिकार कोणालाच नाही. त्यावरची तोड म्हणून ११ नोव्हेंबर १६२० रोजी (जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे) ४१ पुरुषांनी सह्या केल्या: देवाच्या आणि एकमेकांच्या साक्षीनं आम्ही करार करून एक नागरी समाज होत आहोत, वसाहतीच्या हिताचे न्याय्य कायदे करू आणि ते पाळू. सुरुवातीला राजा जेम्सशी इमान आहे, शेवटी त्याच्याच कारकिर्दीचं वर्ष. बंडाचा सूर कुठेच नाही.

सह्या करणाऱ्यांत नोकरही होते. एडवर्ड डोटी आणि एडवर्ड लीस्टर हे दोघे स्टीफन हॉपकिन्सचे नोकर, दोघांचीही नावं यादीत आहेत. १६२१च्या जूनमध्ये त्यांनी तलवार आणि खंजीर घेऊन द्वंद्व केलं. सगळ्या वस्तीनं मिळून शिक्षा ठरवली: डोकं आणि पाय एकत्र बांधून चोवीस तास उपाशी-तहानलेलं ठेवायचं. तासाभरातच दोघं कळवळले, मालकानं रदबदली केली, पुन्हा असं करणार नाही असं वचन घेऊन गव्हर्नरनं सोडलं. करारातलं ‘पाळू’ हे क्रियापद प्रत्यक्षात असं दिसत होतं. हॉपकिन्सचं घर दाखवणारं कोणी भेटलं तर हा विषय जरूर काढा.

काय विचारू नये तेही सांगायला हवं. ‘तुम्ही लोकशाही आणली ना?’ असं विचारलंत तर समोरचा माणूस गोंधळून बघेल, आणि त्याचं बरोबर आहे. त्या काळी लोकशाही हा स्तुतीचा शब्द नव्हता. १७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष, त्याला माहीत नाही. ‘पिलग्रिम’ (यात्रेकरू) हे नाव त्या लोकांना सर्रास लावलं जाऊ लागलं तेही फार नंतर. त्याऐवजी विचारा: तुमचं लग्न कोणी लावलं? उत्तर असं, की दंडाधिकाऱ्यानं. लग्न हा नागरी व्यवहार आहे, धर्मविधी नव्हे, हे ते हॉलंडमध्ये शिकले होते. वसाहतीतलं पहिलं लग्न, एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं, मे १६२१मध्ये असंच झालं. मग विचारा: तुमच्याकडे प्रभुभोजन कधी होतं? बरीच वर्षं झालंच नाही. पाळक लेडनला, आणि मंडळीचा ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारी पुढारी, विल्यम ब्रूस्टर उपदेश करू शकत होता पण तो विधी करू शकत नव्हता. १६२४मध्ये जॉन लायफर्ड नावाचा पाद्री इंग्लंडहून आला, तरी मंडळीनं त्याला आपला पाळक केलं नाही. पुढे त्यानं चोरून इंग्लंडला पाठवलेली पत्रं गव्हर्नर ब्रॅडफर्डनं उघडली आणि त्याला वस्तीबाहेर काढलं. वर्षानुवर्षं विधीविना राहू, पण बाहेरून लादलेला पाळक घेणार नाही, ही जिद्द समजली की पुढची दीडशे वर्षं समजायला सोपी जातात.

कोण मत देतो, हाही प्रश्न टाळू नका. गव्हर्नर आणि त्याचे साहाय्यक दरवर्षी निवडले जात, पण निवडणारे पुरुषच. बायका नाहीत, मूळ रहिवासी तर नाहीतच. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६३१पासून मंडळीचा सभासद असल्याशिवाय मताचा हक्कच नव्हता. तिनं रॉजर विल्यम्स या पाद्र्याला हद्दपार केलं, तेव्हा त्यानं १६३६मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला १६६०मध्ये बॉस्टनमध्ये फाशी झाली. करार करणाऱ्यांना आपसात स्वातंत्र्य, कराराबाहेरच्यांना बाहेरचा रस्ता. ही बाजू गावच्या प्रतिकृतीत जवळजवळ दिसत नाही. मोठी उणीव मी हीच मानेन.

संग्रहालयातल्याच पटक्सेट वस्तीत, म्हणजे मूळ रहिवाशांच्या वस्तीच्या प्रतिकृतीत, वेगळ्या मनानं जा. इथली मूळ रहिवासी समाजांतली माणसं कोणतीही भूमिका करत नाहीत, आजची माणसं म्हणून आजच्या भाषेत बोलतात. त्यांच्या पोशाखाला ‘कॉस्च्युम’ म्हणू नका. प्लिमथची वस्ती ज्या जागेवर झाली ते पटक्सेट हे वाम्पानोआग लोकांचं गाव १६१६ ते १६१९च्या साथीत ओस पडलं होतं. मार्च १६२१मध्ये औसामेक्विन या प्रमुखानं वसाहतीशी तह केला, तो टिकला म्हणून वसाहत टिकली. इथल्या प्रमुखाला लोकांची संमती राखावी लागे, नाराज कुटुंबं दुसऱ्या प्रमुखाकडे जाऊ शकत, काही ठिकाणी स्त्रियाही प्रमुख असत. हे नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं तर तासभर द्या. संग्रहालयानं २०२०मध्ये आपल्या नावात ‘पटक्सेट’ घातलं, पण दोन्ही संस्कृतींना समान स्थान देण्याचा शब्द पाळला नाही, असं म्हणत काही वाम्पानोआग लोकांनी २०२२मध्ये बहिष्काराची हाक दिली. तिकीट काढताना हे माहीत असावं.

मेफ्लॉवर-२ हे जहाज बंदरावर आहे, गावात नव्हे. इंग्लंडमध्ये ब्रिक्सहॅमला बांधलेली ही प्रतिकृती १९५७मध्ये समुद्र ओलांडून आली, कनेटिकटमधल्या मिस्टिकला मोठी दुरुस्ती होऊन २०२०मध्ये परतली. सुमारे १०६ फूट लांबी. इतक्या जागेत १०२ प्रवासी आणि वर खलाशी, हे आत उभं राहिल्याशिवाय पटत नाही. एवढ्यासाठी जहाजाचं तिकीट घ्यावं. सह्या झाल्या तेव्हा मूळ जहाज प्लिमथला नव्हतं, केप कॉडच्या टोकाशी प्रॉव्हिन्सटाउनच्या बंदरात होतं. संग्रहालयाची पीठगिरणी मुलांना आवडते, आपल्या विषयाशी तिचा संबंध नाही.

आता पिलग्रिम हॉल. कोर्ट स्ट्रीटवरचं हे छोटं, खांबांचं दगडी संग्रहालय १८२४मध्ये उघडलं. बरेच लोक वगळतात, ते चुकतं. ब्रॅडफर्डचं बायबल, ब्रूस्टरची म्हणून जपलेली कातीव लाकडाची खुर्ची, मेफ्लॉवरच्या प्रवाशाचं समोर बसून काढलेलं एकमेव चित्र (विन्स्लोचं, १६५१) इथेच आहे. पण मुख्य वस्तू म्हणजे १६२१ची सनद. मेफ्लॉवर कराराचा मूळ कागद हरवला आहे. आपल्याला मजकूर मिळतो तो १६२२च्या छापील वृत्तांतातून आणि ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितातून, आणि सह्यांची नावं तर १६६९मध्ये छापली गेली. सनद मात्र खरीखुरी, शाई आणि चामड्याची, शाबूत आहे. १ जून १६२१ रोजी न्यू इंग्लंडच्या कौन्सिलनं दिली, नोव्हेंबरमध्ये फॉर्च्यून जहाजानं आली. खाली बड्या सरदारांच्या सह्या आहेत, त्यांत सर फर्डिनांडो गॉर्जेसची.

सनदेत आहे काय? माणशी १०० एकर जमीन. शाळा, चर्च, पूल अशा सार्वजनिक कामांसाठी १५०० एकर. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं: बहुसंख्यांच्या संमतीनं कायदे करण्याची आणि बहुमतानं निवडलेल्या अधिकाऱ्यांकडून ते अमलात आणण्याची मुभा. म्हणजे जहाजावर लोकांनी आपणहून जे केलं होतं, त्याला सात महिन्यांनी लंडनहून कायद्याचं कवच मिळालं. धर्माचा करार आणि राजाच्या छत्राखालची सनद, अशी ही दुपेडी दोरी आहे. एक पेड उलगडून दाखवणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतात, दोन्ही एकत्र धरणारे कमी. चामड्यावरचा मजकूर जुन्या वळणाचा, वाचायला जड आहे. छापील प्रत आधी वाचून गेलात तर काचेसमोर अर्धा तास सहज जातो.

व्हर्जिनियाचा उल्लेख न करणं अन्यायाचं होईल. इंग्रजी अमेरिकेतली पहिली निवडून आलेली सभा प्लिमथची नव्हे. ती ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये भरली: अकरा वस्त्यांचे २२ प्रतिनिधी, कडक उन्हाळा, पहिल्या काही दिवसांतच एक सभासद दगावला. तिथला धर्म इंग्लंडचा अधिकृतच, आणि सभा कंपनीच्या आदेशानं, वरून आलेली. महिनाभरातच त्या वसाहतीत वीसेक आफ्रिकी माणसं विकायला आणली गेली. ज्यांना दोन्ही मुळं बघायची आहेत त्यांनी जेम्सटाउनची वेगळी फेरी करावी.

खडकाला दहा मिनिटं पुरेत. १६२०च्या कोणत्याही लेखात त्याचा उल्लेख नाही. १७४१मध्ये थॉमस फॉन्स या नव्वदी ओलांडलेल्या गृहस्थानं ‘हाच तो’ म्हणून सांगितलं, तिथून त्याचं माहात्म्य सुरू झालं. त्यापेक्षा अ‍ॅलर्टन स्ट्रीटवरचं पूर्वजांचं स्मारक बघा, तेही फुकट आहे. ८१ फुटी ग्रॅनाइटचं, १८८९मध्ये लोकार्पण झालेलं. वर श्रद्धेची मूर्ती, खाली नीती, कायदा, शिक्षण आणि स्वातंत्र्य बसलेले. १६२०च्या लोकांनी असं काही उभारलंच नसतं. एकोणिसाव्या शतकाला त्यांच्यात काय दिसत होतं, ते मात्र इथे स्पष्ट कळतं.

परतताना हिंगहॅमला थांबा. तिथलं ओल्ड शिप चर्च १६८१चं, प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चची शुद्धी मागणाऱ्या) लोकांच्या सभागृहांपैकी सतराव्या शतकातलं एकमेव उरलेलं. १७३१मध्ये घातलेलं खोटं छत १९३०मध्ये काढलं, तेव्हा आतल्या वाकदार तुळया पुन्हा उघड्या झाल्या. उलट्या नावेच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. गावाच्या सभाही इथे भरत. आजही तिथे मंडळी जमते, त्यामुळे आत जाण्याची वेळ आधी विचारून घ्या, रविवारची सकाळ सगळ्यात सोपी. हिंगहॅमचा कारभार अजून खुल्या टाउन मीटिंगनं चालतो. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते, सभेला एक नियंत्रक असतो, नोंदणी झालेला कोणताही मतदार उठून बोलू शकतो आणि अंदाजपत्रकावर मत देऊ शकतो. १७८०ची मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना अशाच गावसभांमधून चर्चेला गेली होती. तिच्या प्रास्ताविकात म्हटलं आहे, की सगळी जनता प्रत्येक नागरिकाशी आणि प्रत्येक नागरिक सगळ्या जनतेशी करार करतो. तिचा मसुदा लिहिणाऱ्या जॉन अ‍ॅडम्सनं वापरलेलं क्रियापद स्क्रूबीच्या मंडळीचंच आहे.

हा प्रवाह महाराष्ट्रातही पोचला. याच काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीनं आपला कारभार आपण करण्याच्या, परंपरेच्या मिशनमंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३मध्ये मुंबईला उतरले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं आणि अहमदनगरहून १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागलं. नगरच्या बाजूच्या ज्या घरांत मंडळी, पाळक हे शब्द रोजचे आहेत, त्यांना हिंगहॅमचं हे सभागृह परकं वाटणार नाही.

व्यवहाराचं थोडं. इंग्लिश गाव वसंतात उघडतं आणि थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारनंतर बंद होतं. जहाज काही हिवाळ्यांत दुरुस्तीला हलवतात, म्हणून वेळापत्रक निघण्याआधी बघा. गाव, जहाज आणि गिरणी यांचं एकत्र तिकीट मिळतं. पिलग्रिम हॉलचं वेगळं. उपनगरी रेल्वेचं प्लिमथ स्थानक २०२१पासून बंद आहे, गाडी किंग्स्टनपर्यंतच येते, पुढे टॅक्सी. गाडीनं येणाऱ्यांनी तीन नंबरचा रस्ता धरावा. इंग्लिश गावातली वाट मातीची, उताराची आणि खाचखळग्यांची आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना काठी लागेल, चाकाची खुर्ची ढकलणं कष्टाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळांच्या सहली असतात, तेव्हा गढीत निवांत बसायला मिळत नाही. मे-जूनमधली कामाच्या दिवसाची सकाळ उत्तम.

हिंगहॅमला आत गेलात तर बाकांच्या रांगांकडे लक्ष द्या. न्यू इंग्लंडच्या सभागृहांत कोणी कुठे बसायचं हे समिती ठरवत असे. वय, मान आणि मालमत्ता बघून जागा मिळे, आणि त्यावरून भांडणंही होत. सभेत मत सारखं असलेले दोन शेजारी रविवारी एकाच बाकावर बसतील, याची खात्री नव्हती.